प्रतिकूल बाजूचं बक्षीस

मी आयुष्यात स्वतःच्या मताविरुद्ध एक ओळही लिहिलेली नाही. कुठल्याही ग्रंथावर हात ठेवून मी हे सांगू शकतो. मला मतंच नव्हती, त्यामुळे हे फारसं जड गेलं नाही.

बोरखेडच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवायचो आणि शाळेतर्फे स्पर्धांना जाणाऱ्या मुलांना भाषणं लिहून द्यायचो. वादविवाद स्पर्धेचा नियम असा, की प्रत्येक शाळेनं दोन मुलं पाठवायची. एक अनुकूल बाजू मांडणार, एक प्रतिकूल. म्हणजे विषय कुठलाही असो, दोन्ही बाजू माझ्याच. शनिवारी शाळा सुटली की जेवून अनुकूल लिहायला बसायचो, रविवारी प्रतिकूल. सोमवारपासून मुलं पाठ करायला लागायची. हुंड्याच्या वर्षी आमच्या अनुकूल बाजूला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्याचा उल्लेख शाळेच्या अहवालात केला नाही.

तर १९९९चा डिसेंबर. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. नववी ब मधली वृषाली हरकारे दारात उभी राहिली.

"सर, येऊ?"

"ये. काय गं?"

"सर, बक्षीस कुठल्या बाजूला जास्त मिळतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मुलं विचारायची, भाषण किती पानांचं आहे. मी वही मिटली आणि आठवून पाहिलं.

"प्रतिकूल," मी म्हणालो. "अनुकूल बाजूचे सगळे एकच बोलतात. परीक्षक पेंगायला लागतात. प्रतिकूलवाला उठला की निदान जागे होतात."

"मग मला प्रतिकूल द्या."

"अगं, पण विषय वाचलास का?"

विषय सूचनाफलकावर होता. 'एकविसाव्या शतकात प्रत्येक मुलाच्या घरी संगणक व इंटरनेट असलेच पाहिजे.' नवं शतक पंधरा-वीस दिवसांवर आलं होतं आणि गावातल्या लोकांना त्याची जबाबदारी वाटत होती. आमची धरून तालुक्यातल्या अकरा शाळांची स्पर्धा आमच्या शाळेत होणार होती. पहिलं बक्षीस एरवी स्टीलचं तांब्या-भांडं असायचं. यंदा गावातल्या लुंकडशेठनी कॉम्प्युटर जाहीर केला होता. अख्खा कॉम्प्युटर, विजेत्याच्या घरी पोचता.

"वाचला," वृषाली म्हणाली.

"तुला बक्षीस हवंय ना?"

"हो."

"म्हणजे कॉम्प्युटर घरी हवा, म्हणून तू घरी कॉम्प्युटर नको असं बोलणार."

तिनं जरा विचार केला. "जास्त त्यालाच मिळतं म्हणालात ना तुम्ही?"

मी यादीत प्रतिकूलसमोर तिचं नाव लिहिलं. शिवाय अनुकूल बाजू आधीच गेलेली होती. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू ऋतुराज काळोखे तिच्याच वर्गात होता, आणि अध्यक्षांच्या नातवाला कशाच्याही विरुद्ध बोलायला लावायचं नाही, हे मुख्याध्यापक शिरसाट सरांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं.

"पण तुला कॉम्प्युटर कशाला हवाय?" मी विचारलं.

"बघायचाय."

"काय बघायचंय त्यात?"

"असंच," ती म्हणाली आणि घंटा व्हायच्या आत पळाली.

*

हे मला पटलं नाही. वृषाली 'असंच' काही करणारी मुलगी नव्हती. ती हरकारे मास्तरांची मुलगी.

हरकारे मास्तर म्हणजे 'प्रगती टंकलेखन विद्यालय'. एस. टी. स्टँडसमोर पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचे सोळा टाइपरायटर होते. तालुक्यात ज्यानं म्हणून सरकारी नोकरी मिळवली, तो कधी ना कधी त्या जिन्यानं वर गेलेला असायचा. खाली गिरणी आणि वर टायपिंग, त्यामुळे मास्तर कायम ओरडून बोलत आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या केसांवर थोडं पीठ असे. मास्तरांना एक सवय होती. समोरचा माणूस जे बोलेल ते त्यांची बोटं मांडीवर टाइप करत. रस्त्यात भेटून 'काय मास्तर, बरं चाललंय ना' विचारलं तरी धोतरावर बोटं हलायची.

बरं चाललेलं नव्हतं. समोरच्या इमारतीवर 'लुंकड कॉम्प्युटर अकॅडमी, लवकरच' अशी मोठी पाटी लागली होती. ती लागून दीड वर्ष झालं होतं. अकॅडमी काही निघाली नव्हती, पण पाटी वाचूनच मास्तरांची पोरं कमी झाली. सकाळच्या बॅचला सोळा यंत्रांवर पाच जण. बाकीची अकरा यंत्रं मास्तर रोज पुसून पुन्हा झाकत.

अशा घरातल्या मुलीला त्याच लुंकडशेठचा कॉम्प्युटर हवा होता. मला राहवेना. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं.

"अभ्यासाला," ती म्हणाली.

"कुठल्या अभ्यासाला?"

"सगळ्याच."

"तू ऋतुराजला का विचारत नाहीस? त्याच्या घरी आहे की."

"विचारलं. तो म्हणतो, मी माउसनं पत्ते खेळतो. बाकीचं मला माहीत नाही."

"बाकीचं म्हणजे?"

"तुम्ही पाहिलाय का सर कॉम्प्युटर?"

मी दोनदा पाहिला होता. एकदा जिल्हा परिषदेत आणि एकदा बँकेत. दोन्ही वेळा तो झाकलेला होता. जिल्हा परिषदेत तर चपलाही बाहेर काढायला लावल्या होत्या. पण मराठीच्या शिक्षकानं विद्यार्थ्यापुढं असं सांगायचं नसतं.

"पाहिलाय की," मी म्हणालो.

"त्याच्यात—" ती काहीतरी विचारणार होती. मग माझ्याकडं नीट बघून तिनं तो विचार सोडून दिला.

*

रविवारी प्रतिकूल बाजू लिहिली. डोळे खराब होतात, मैदानी खेळ मागे पडतात, वडीलधाऱ्यांशी संवाद उरत नाही. दूरदर्शनच्या वर्षीचीच प्रतिकूल बाजू काढून जिथं दूरदर्शन होतं तिथं संगणक घातलं होतं. सोमवारी वृषालीनं ती उभ्यानं वाचली.

"सर, हे तर सगळेच म्हणतील."

"मग काय म्हणायचं?"

"आमचे अण्णा म्हणतात ते घालू?"

"काय म्हणतात?"

ती टेबलापाशी आली आणि एकसुरी आवाजात सांगायला लागली. रोज जेवताना ऐकायला लागणारी गोष्ट सांगताना मुलांचा आवाज होतो, तसा.

"टाइपरायटरवर चूक झाली तर अख्खा कागद बदलावा लागतो, म्हणून माणूस आधी विचार करतो. कॉम्प्युटरवर चूक पुसता येते, म्हणून माणूस आधी चूक करतो."

मी पेन उघडलं.

"पुढं?"

"ज्याच्या घरात आड आहे त्याला पोहता येत नाही. पोहायला गावाबाहेरच्या विहिरीवरच जावं लागतं. घरात आणून ठेवलेली वस्तू कुणी शिकत नाही. घड्याळ प्रत्येकाच्या घरी आहे, दुरुस्त कुणाला येतं?"

"हळू सांग. पुढं?"

"आणि लाइट गेल्यावर तुमचं एकविसावं शतक कुठं जातं?"

त्या वेळी बोरखेडची वीज दिवसातून सहा तास जात असे. मला काही सुचवावं लागलं नाही. मी फक्त स्वल्पविराम घातले. मला माहीत असलेली ही एकच प्रतिकूल बाजू, जी कुणीतरी खरोखर मानत होतं.

"वृषाली, हे फार चांगलंय गं," मी म्हणालो. "मास्तर ऐकायला आले तर खूश होतील."

तिचा चेहरा बदलला. "अण्णांना सांगू नका सर."

"का?"

"नका सांगू. त्यांचा क्लास असतो."

मला तो विनय वाटला. मुलींना वडिलांसमोर बोलायची लाज वाटते, असं मी त्या काळी धरून चाललो होतो. माझी तेव्हा बहुतेक ज्ञानप्राप्ती अशीच होत असे.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर स्टँडवर दिसले. टाइपरायटरच्या रिबिनी आणायला जिल्ह्याला गेले होते.

"मास्तर, शनिवारी शाळेत या. वृषाली बोलणार आहे."

"ते कॉम्प्युटरचं ना?" मास्तर ओरडले, कारण गिरणी शंभर पावलांवर होती आणि सवय तर सुटत नाही. "मला नाही सांगितलं तिनं. घरी विषय काढला की उठून जाते. पोर त्या बाजूची झालीय सर. मला कळतं."

"अहो, ती विरुद्ध बोलतेय."

धोतरावरची बोटं थांबली.

"विरुद्ध? आमची वृषाली?"

"या तर खरं."

मास्तरांनी रिबिनींची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दोनदा. "येतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले.

*

शनिवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये स्टेजवर एक मोठं खोकं ठेवलं होतं. त्याला झेंडूचा हार घातला होता. शेजारी लुंकडशेठ बसले होते. त्यांनाही हार होता, पण जरा लहान.

बावीस भाषणं झाली. अनुकूल बाजूच्या अकरापैकी नऊ जणांनी इंटरनेट हा माहितीचा महासागर असल्याचं सांगितलं. बोरखेड तालुक्यात त्या दिवशी इंटरनेट कुणी पाहिलेलं नव्हतं. समुद्रही बहुतेकांनी पाहिलेला नव्हता, पण त्याबद्दल निदान ऐकून होते. ऋतुराजनं माझं भाषण चोख म्हटलं आणि मध्ये एकदा खिडकीतून बाहेर बघून घेतलं. संगणकाच्या बाजूनं इतक्या निर्विकारपणे कुणीच बोललं नाही. पण त्या स्पर्धेत ज्याच्या घरी खरोखर संगणक होता, असा तो एकटाच.

वृषाली अठरावी. ती माइकपाशी गेली, नमस्कार केला आणि हॉलवर नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत मास्तर बसले होते. लग्नकार्यातला काळा कोट घालून.

ती थांबली. चांगली तीन-चार सेकंद थांबली. शिरसाट सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, विसरली.

विसरली नव्हती. हिशेब करत होती. मग तिनं सुरुवात केली.

असं भाषण त्या हॉलमध्ये आधी झालं नव्हतं. आडाचं वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकावरचा शिपाईसुद्धा 'खरंय' म्हणाला. चूक पुसण्याचं वाक्य आलं तेव्हा परीक्षकांतल्या एकांनी ते लिहून घेतलं. आणि लाइट गेल्यावर एकविसावं शतक कुठं जातं, असं विचारून ती थांबली, त्याच क्षणी वरचे पंखे बंद पडले. गेली खरोखरच लाइट. माइकही गेला. उरलेली दीड मिनिटं ती माइकशिवाय बोलली आणि शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. गिरणीवरच्या घरात वाढलेल्या मुलीचा आवाज.

मी मास्तरांच्या हातांकडं बघत होतो. बावीस भाषणांतली सतरा त्यांनी मांडीवर टाइप केली होती. या भाषणाला मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर नुसते पडून होते.

पहिलं बक्षीस वृषाली मधुकर हरकारे. लुंकडशेठनी टाळ्या वाजवल्या, पण आवाज येणार नाही अशा बेतानं. त्यांच्या खर्चानं, त्यांच्या हाराशेजारी उभं राहून, एक मुलगी कॉम्प्युटर नको असं सांगून त्यांचा कॉम्प्युटर घेऊन चालली होती. शिरसाट सरांनी पालकांना स्टेजवर बोलावलं.

मास्तर वर गेले. वृषालीच्या डोक्यावर हात ठेवला. मग लुंकडशेठ खोक्याला हात लावून फोटोसाठी उभे राहिले तेव्हा मास्तर म्हणाले, "मला दोन मिनिटं द्या."

माइक नव्हता. मास्तरांना त्याची गरजही नव्हती.

"माझ्या मुलीनं आत्ता जे सांगितलं, ते मी गेली दोन वर्षं घरात एकटा बोलत होतो. मला वाटायचं, भिंती ऐकतायत. ती ऐकत होती. आमच्या घरात तोंडानं एक आणि हातानं दुसरं, असं चालत नाही. हा कॉम्प्युटर आम्ही घेणार नाही. तिनं घरी नको म्हटलंय. शाळेत असू दे. लागेल त्यानं इथं येऊन शिकावं. विहिरीवर यावं तसं."

बोरखेडच्या त्या हॉलमध्ये इतक्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. लोक उभे राहिले. शिरसाट सरांचे डोळे भरले, कारण शाळेला कॉम्प्युटर मिळाला होता. लुंकडशेठच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सुटका झाल्यासारखं दिसलं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

वृषाली हातात ढाल घेऊन उभी होती. ती खोक्याकडं बघत होती. शेवटची एस. टी. डोळ्यांदेखत सुटली की माणूस तिच्या मागच्या पाटीकडं बघतो, तसं.

हॉल रिकामा झाल्यावर मी तिला नळापाशी गाठलं.

"मी मास्तरांना सांगू का?"

"काय?"

"की हे भाषण होतं. स्पर्धेतलं. तुला कॉम्प्युटर हवा होता म्हणून."

"मग अण्णा म्हणतील, तू खोटं बोललीस." ती ओंजळीनं पाणी प्यायली. "पण सगळं अण्णांचंच होतं. मग खोटं कोण बोललं, सर?"

मी नळ बंद केला.

"तुमचं काय मत? असावा का घरी?"

"तसं दोन्ही बाजूंनी..." मी सुरुवात केली.

"असू दे सर," ती म्हणाली. वाईट म्हणजे समजुतीच्या सुरात म्हणाली. मग जाता जाता वळली. "खोकं उघडाल तेव्हा मला बोलवा. एवढंच."

*

खोकं सोमवारी उघडलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, नारळ फोडून, चपला दाराबाहेर काढून. शिरसाट सर, मी, शिपाई आणि वृषाली. आतून टीव्हीसारखा एक पडदा निघाला, एक माउस निघाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कीबोर्ड. शिरसाट सरांनी पडद्याची पिन भिंतीला लावली. पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजीत 'नो सिग्नल' असं आलं.

"चालू झाला!" शिपाई म्हणाला.

"इंटरनेट नाही म्हणतोय," शिरसाट सरांनी खुलासा केला. "त्याला फोनची तार लागते. अर्ज करावा लागेल." आम्ही सगळे समाधानानं त्या अक्षरांकडं बघत उभे राहिलो.

वृषाली पडद्याकडं बघतच नव्हती. तिनं कीबोर्ड पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होता. त्याच्यासमोर ती खुर्ची ओढून बसली, डोळे मिटले, आणि बोटं ठेवली. करंगळीपासून करंगळीपर्यंत, मास्तरांच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी ठेवायला शिकवतात तशी. मग टकटक सुरू झाली. एक ओळ, दुसरी ओळ. थांबून डोळे उघडले, अक्षरं पाहिली, पुन्हा मिटले.

"आहे," ती म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे."

"काय जागच्या जागी आहे?"

"अक्षरं, सर." तिनं पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. "अण्णा म्हणतात, कॉम्प्युटर आला की आपली बोटं वाया गेली. चाळीस वर्षं शिकवलेलं सगळं वाया. मला बघायचं होतं, खरंच वाया जातात का."

"अगं, मग एवढंच बघायचं होतं तर..." मी म्हणालो आणि थांबलो. तर काय? ऋतुराजनं अक्षरांकडं कधी बघितलं नव्हतं. बँकेतला झाकलेला होता. आणि तिच्या मराठीच्या शिक्षकानं 'पाहिलाय की' असं सांगून विषय मिटवला होता.

"इंग्रजी तरी वाया नाही गेलं," ती स्वतःशीच म्हणाली. "मराठीचं बघावं लागेल."

तेवढ्यात ऋतुराज हजेरीपट घेऊन आत आला. त्यानं टेबलाकडं पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"सर, ह्याचा डबा कुठंय?"

"कसला डबा?" शिरसाट सर म्हणाले.

"खाली असतो तो. कॉम्प्युटर त्यातच असतो. हा नुसता पडदाय."

खोकं उलटं केलं. आतून थर्माकोल पडलं. शिरसाट सरांनी लुंकडशेठना फोन लावला आणि बराच वेळ 'हो', 'तसं नाही', 'पण शेठ' असं म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा आवाज लहान झाला होता.

"शेठ म्हणतात, डबा पुण्याहून यायचाच होता. पण सगळ्या गावासमोर नको म्हणून सांगितलेली वस्तू पुन्हा कशी पाठवायची? त्यांचा अपमान झालाय म्हणतात."

डबा पुण्याहून खरोखर निघणार होता का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण मला लुंकडशेठचा शनिवारचा चेहरा आठवला.

शिरसाट सर खुर्चीत बसून राहिले. वृषाली उभी राहिली.

"सर, हा मी नेऊ का?" तिच्या हातात कीबोर्ड होता.

"ने," शिरसाट सर म्हणाले. "तो काय करायचाय आता."

*

मी तिच्याबरोबर गेलो. गिरणीच्या जिन्यात, अर्ध्यावर, ती थांबली.

"अण्णांना डब्याचं सांगू नका सर."

"बरं."

"मागच्या वेळीही बरं म्हणाला होतात."

खरं तर मागच्या वेळी मी काहीच म्हणालो नव्हतो. पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

वर मास्तर यंत्रं पुसत होते. वृषालीनं कीबोर्ड त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"शाळेनं दिलं. बक्षिसातलं."

"आपण नको म्हटलं होतं ना गं?"

"कॉम्प्युटर नाहीये हा अण्णा. हे नुसतं वरचं."

हे अक्षरशः खरं होतं. मी खिडकीतून गिरणीच्या पत्र्याकडं बघत राहिलो.

मास्तरांनी कीबोर्डकडं लांबूनच पाहिलं. मग चष्मा लावून जवळून पाहिलं. खिशातला रुमाल काढून कीबोर्डवर आणि हातांवर पसरला. परीक्षेआधी पोरांची सवय तपासताना ते असाच रुमाल टाकत. रुमालाखाली बोटं हलायला लागली. आधी एक ओळ, मग वेगानं, मग गिरणीपेक्षा वेगानं. बऱ्याच वेळानं ते थांबले.

"आवाज नाही याला."

"नाही," वृषाली म्हणाली.

"चूक झाली तर कळणार कशी?"

"तुम्हाला कळेल की."

मास्तरांनी रुमाल उचलला आणि अक्षरांच्या ओळींवरून एक बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे, तिन्ही ओळी. मग खिडकीतून समोरच्या 'लवकरच'कडं पाहिलं.

"सर," ते मला म्हणाले, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला, "या लुंकडनं आमचंच उचललंय की!"

*

संक्रांतीला प्रगती टंकलेखन विद्यालयाच्या पाटीखाली आणखी एक ओळ रंगवली गेली. 'येथे कॉम्प्युटर टायपिंग शिकवले जाईल.' सोळा यंत्रांच्या शेजारी सतरावं टेबल आलं. पडदा बिडदा नंतर, आधी बोटं, असं मास्तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचे. रुमाल टाकून शिकवायचं तर समोर पडदा असून तरी काय उपयोग, हे पोरांनाही पटायचं. मास्तर मागं उभे राहून नुसत्या बोटांकडं बघून चुका सांगायचे. सकाळच्या बॅचला सतराव्या टेबलासाठी रांग लागायला लागली. रांगेतला माणूस नंबर येईपर्यंत सोळांपैकी एका यंत्रावर बसायचा. लुंकडशेठची पाटी आणखी तीन वर्षं 'लवकरच' म्हणत राहिली, मग वाऱ्यानं पडली.

वृषालीनं बारावीपर्यंत मराठीची अक्षरं कुठं असतात ते शोधून काढलं. कुठं जाऊन, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मास्तर शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगायचे, की हातात आलेला कॉम्प्युटर आम्ही नाकारला. मी शेजारी असलो तर मान हलवायचो.

परवा एका शाळेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय तोच. फक्त 'असलेच पाहिजे'च्या जागी 'असावे का' केलं होतं. समारोपात माझं मत विचारलं. मी हरकारे मास्तरांचं सांगितलं. सहा वर्षांत त्यांच्याकडून दोनशेच्या वर पोरं कॉम्प्युटर टायपिंग शिकून गेली. कुणी तहसीलला लागलं, कुणी कोर्टात. टाळ्या पडल्या. अनुकूल बाजूनंही वाजवल्या आणि प्रतिकूल बाजूनंही.

सतराव्या टेबलावरच्या कीबोर्डची वायर सहाही वर्षं टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली होती.